गोदूबाईची कोथिंबीर आणि जावयाची जीभ

"साबन? माझ्या कोथिंबिरीला साबनाचा वास?" गोदूबाईनं हातातला डाव आमटीच्या टोपात असा आपटला, की चुलीपाशी निजलेलं मांजर उठून शेजारी राहायला गेलं. "बोला, जावयबापू. एकदा बोललात, आता पुन्ना बोला. साऱ्या वाडीला आयकू द्या."

"मामी, मी तसं नाय बोललो," नामदेव पाटावरच मागं सरकला. मागं भिंत होती.

"मंग कसं बोललात?"

"मी मैनाच्या कानात बोललो."

हे मात्र खरं होतं. चूक एवढीच, की मैनेचा आवाज तिच्या आईवर गेलेला. तिच्या कानात शिरलेलं गुपित तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याची दवंडी झालेली असे. "साबन लागतोय गं," एवढंच नवरा कुजबुजला, आणि तिनं "अगो बाय, साबन?" म्हणून असा सूर लावला की वाटेवरची बैलगाडी थांबली.

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. मैनेच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. शेलूहून जावई मानानं बोलावलेला, नव्या धोतरजोडीसकट पाटावर बसवलेला, आणि त्यानं पहिल्याच घासाला ताट पुढं सरकवलं! जावयानं ताट सरकवणं म्हणजे काय, ते ज्यांना जावई आहे त्यांनाच कळेल. ज्यांना नाही त्यांनी सुखानं जेवावं.

बरं, ताटात होतं काय? वालाचं बिरडं, त्यावर कोथिंबीर. आमटी, तिच्यावर कोथिंबीर. काकडीची कोशिंबीर, काकडी शोधावी लागेल इतकी कोथिंबीर. वडी तर निव्वळ कोथिंबिरीचीच. धोंडे तेवढे वाचले होते, कारण पुरणात कोथिंबीर घालतात असं अजून कुणी गोदूबाईला सांगितलं नव्हतं.

आणि ती कोथिंबीर साधीसुधी नव्हे. ऐन उन्हाळ्याच्या तडाख्यात कशेळ्याच्या बाजारातली भाजी दुपारपर्यंत माना टाकायची, तेव्हा गोदूबाईच्या परसातला वाफा हिरवागार उभा असायचा. काडी मोडली तर टचकन आवाज यावा, आणि हाताला लागलेला वास दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना पुन्हा यावा. बाजारात बायका आधी विचारायच्या, "गोदूबाईची जुडी हाय का?" आणि नसली तर कोथिंबिरीवाचून घरी जायच्या. आयुष्यात गोदूबाईनं ना दागिना मिरवला, ना पोरीचं रूप. मिरवली ती कोथिंबीर. आता हा जावई संध्याकाळच्या येष्टीनं उपाशीपोटी शेलूला जाणार, आणि तिकडं सांगणार की सासूनं साबण खायला घातला. नाव जायला एवढं पुरे होतं.

"मामी, भांड्याला ऱ्हायला असंल," नामदेवनं सुटकेची वाट शोधली. "धुताना. ऱ्हातो कदी कदी."

ही वाट थेट दरीत जात होती.

"भांड्याला?" गोदूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, तुमच्या शेलूला नवी नवी घरं झाली, तितं घासत असतील साबनानं. माझ्या घरात भांडी राखंनं घासतात! राख बोला, खाऊन घेते. साबन बोलू नका."

"मंग हिरव्यालाच येतोय," नामदेव खाली मान घालून म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. (या दोषापायी कारखान्यातही त्याला बढती नव्हती.)

इकडं उंबऱ्याशी जेवायला बसलेल्या लडकूच्या घशात धोंडा अडकला. धोंडा या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याला त्या क्षणी एकदम कळले.

लडकू म्हणजे गोदूबाईचा नवरा. कर्जतच्या एका कचेरीतली शिपाईगिरी संपवून घरी बसलेला. साहेबांच्या सहवासात त्याला दोन सवयी लागल्या होत्या. एक दुपारी डुलकी काढायची, आणि दुसरी साबण लावून आंघोळ करायची. कोपऱ्यावरच्या दुकानातला लाल साबण तो असा फासायचा, की अंगावर माणूस कमी आणि फेस जास्त दिसावा.

घरी बसला म्हणून गोदूबाईनं त्याला काम लावून दिलं होतं. कायदा साफ होता. न्हाणीचं पाणी अळूला, विहिरीचं पाणी कोथिंबिरीला. विहीर उताराखाली, शेताच्या पार कडेला. लडकू घागरी घेऊन उतरायचा, वाटेत आंब्याखाली टेकायचा, आणि डोळा उघडेपर्यंत उन्हं कलायची. मग धोतराचा सोगा ओला करून, धापा टाकत वर यायचा.

पण माणूस आळशी असला तरी मठ्ठ नव्हता. आळसानंच त्याचं डोकं चालायचं. त्यानं एके दिवशी, गोदूबाई बाजाराला गेलेली पाहून, न्हाणीपासून वाफ्यापर्यंत गवताखालून चर काढला. वर चिरलेला बांबू उपडा घातला, त्यावर पालापाचोळा पसरला. उतार असा साधला की आंघोळीचा शेवटचा तांब्या ओतून होईतो पहिल्या तांब्याचं पाणी कोथिंबिरीच्या मुळाशी! तेव्हापासून लडकू दिवसातून दोनदा आंघोळ करू लागला, आणि गोदूबाईला वाटलं की म्हातारा सुधारला.

त्या चराचा त्याला केवढा अभिमान! बायका जुडी नाकाला लावून "काय वास, गोदे, काय वास!" म्हणायच्या, तेव्हा गोदूबाई "हात लागतो, हात," म्हणून हसायची, आणि लडकू ओटीवर बसून आतल्या आत फुगायचा. सांगायची सोय नव्हती. एवढं मोठं कर्तृत्व पोटात ठेवून बसणं बाळंतपणापेक्षा अवघड असतं, असं त्याचं मत झालं होतं. (बाळंतपण न केलेल्यांची अशी बरीच मतं असतात.)

आणि आज हा शेलूचा पोरगा पहिल्या घासाला म्हणतो, साबण! काय जीभ आहे का काय आहे!

"गरमीचं होतं असं," लडकू उंबऱ्यावरून बोलला. "जिभंला चव नाय ऱ्हात. मला बी सकालधरून लाल साबनाचीच चव येते."

गोदूबाईची मान सावकाश वळली. "लाल?"

"आं?"

"जावय निस्ता साबन बोलले. लाल कोन बोललं?"

"मी... ते आपलं... रंगाचं बोललो."

"तुमाला चवीचा रंग कवापासून कळाया लागला?"

लडकूनं उरलेला धोंडा अख्खा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की साहेबसुद्धा प्रश्न विचारत नाही, हा कचेरीतला अनुभव. गोदूबाईनंही त्याला सध्यापुरता सोडला. तिला आधी कोथिंबिरीचा निकाल लावायचा होता. शाळेचं तोंड न पाहता, भाताच्या गोण्यांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकलेली ती बाई. खरं-खोटं स्वतः करून पाहिल्याशिवाय तिनं देवाचंही ऐकलं नसतं.

"मैने, कोंडीकडं जा. घाटावरून टेंपोनं आलेली जुडी तिनं काल कर्जतहून आनलीय, दोन काड्या मागून आन. ती बी खातील जावय, माझी बी खातील. वास माझीला आला आनि तिला नाय आला, तर उद्या वाफा नांगरून टाकते!"

मैना गेली आणि दोन काड्यांऐवजी अख्खी जुडी आणि अख्खी कोंडी घेऊन आली. शेजारणीच्या घरात जावई ताट सरकवून बसलेला पाहायला मिळतोय म्हटल्यावर दुसरी कुणी चूल विझवून आली असती. कोंडीनं तर चूल तशीच जळती ठेवली.

"गोदे, मी मदतीला आले हां," ती ऐन मध्यात मांडी घालत म्हणाली. "आसं सगल्यांच्याच घरी होतं. आमच्या घरी नाय झालं कदी, पन होतं."

गोदूबाईनं जावयाच्याच खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या डोळ्यांवर बांधलं. नामदेवला लग्नातला अंतरपाट आठवला. तेव्हाही पलीकडं काय वाढून ठेवलंय ते दिसलं नव्हतं.

"आ करा."

त्यानं केला. गोदूबाईनं दोन पानं जिभेवर ठेवली. कुठल्या जुडीतली, ते तिचं तिलाच ठाऊक. नामदेव चावू लागला. सगळं घर त्याच्या जबड्याकडं पाहू लागलं.

लडकूनं मनात हिशेब मांडला. ही पानं घाटावरची असतील, तर पोरगा म्हणणार "वास नाय," आणि मग चौकशी वाफ्यापर्यंत जाणार, वाफ्यातून चरापर्यंत, चरातून न्हाणीपर्यंत, आणि न्हाणीत तर आपणच! गुन्हा आपण होऊन कबूल केला की शिक्षा कमी होते, असं त्यानं कचेरीत पुष्कळदा ऐकलं होतं. (ते सांगणारे सगळे आत जाऊन आलेले होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.)

"थांबा!" तो उभा राहिला. "मैनाचे आये, मीच सोडलं न्हानीचं पानी वाफ्यात! उन्हालाभर माझ्याच आंघोलीवर वाढलीय कोथिंबीर! जावयाची जीभ खोटी नाय!" आणि मग त्याला राहवलं नाही. "पन चराचा उतार एकदा बगून घे तू. एक थेंब वाया जात नाय!"

तेवढ्यात डोळे बांधलेला नामदेव तोंड वाकडं करून म्हणाला,

"ह्याला बी साबनच लागतोय, मामी."

गोदूबाईनं हातातली जुडी वर केली. ती कोंडीची होती. घाटावरची, टेंपोनं आलेली, लडकूच्या आंघोळीचं तोंडही न पाहिलेली.

लडकू तसाच उभा राहिला. बसावं की पळावं ते त्याला ठरवता येईना. आपण चोरी झालेलीच नसताना पोलिसांना घरी बोलावून मुद्देमाल काढून दिला, एवढं मात्र त्याला समजलं.

"म्हनून माझं अळू वाळलं!" गोदूबाई पुटपुटली. पण ते दुखणं तिनं बाजूला ठेवलं आणि जावयाच्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं. "खरं सांगा, बापू. घरी खाता का कोथिंबीर?"

"नाय, मामी. आमच्या घरात कोनीच नाय खात. आजा नाय खायचा, आई नाय खात. आमाला सगल्यांना साबनच लागतो. आईनं मैनाला सांगितलंय, शेलूला चांगली मिलत नाय म्हनून आनत नाय. मी समजायचो, कोथिंबिरीची चवच तशी असते आनि लोकं उगाच आवडीनं खातात."

"मंग आदी का नाय सांगितलंत?"

"धोंड्याला आलेला जावय सासूला सांगंल का, तुमचं हिरवं नको?"

गोदूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. नाक बापाचं, कपाळ आजाचं, लग्नाच्या वेळी सगळ्यांनी ओळखलं होतं. तोंडाच्या आत कुणी पाहिलं नव्हतं.

"नाक वारशानं येतं, टक्कल वारशानं येतं, तशी जीभ बी येत असंल," ती म्हणाली. "त्यात तुमचा गुन्हा नाय, आनि माझ्या कोथिंबिरीचा तर नायच नाय. सरका पुढं. येष्टीला टाइम हाय."

तिनं ते ताट उचललं आणि चुलीवर दुसरं पातेलं चढवलं. हिंग-जिऱ्याची फोडणी, ओलं खोबरं, आमसूल, गूळ. शेवटी हात सवयीनं कोथिंबिरीच्या पाटीकडं गेला, तो तिनं दुसऱ्या हातानं धरून मागं आणला. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिच्या घरची आमटी बोडकी पानावर आली. नामदेवनं एक भुरका मारला. थांबला. मग वाटीच तोंडाला लावली.

"मामी, अजून."

"बगितलंस, मैने?" गोदूबाईची मान पहिल्यापेक्षा वीतभर वर गेली. "कोथिंबिरीनं माझा हात नाय चालत. माझ्या हातानं कोथिंबीर चालते."

धोंडे संपत आले, जावई ढेकर देता झाला, मैनेचा जीव भांड्यात पडला. लडकू हळूच भिंतीच्या कडेकडेनं परसदाराकडं निघाला होता, तेवढ्यात कोंडीला कंठ फुटला. इतका वेळ ती मनाशी काहीतरी जुळवत बसली होती.

"ते जावयाचं निस्तारलं गो. पन गोदे, आमी काय खाल्लं उन्हालाभर? माझ्या पोराच्या हलदीला तुझीच कोथिंबीर होती. सारा गाव बोटं चाटत होता. ती लडकूदादाच्या आंघोलीची?"

"कोंडीवैनी, साबन लावलेलं पानी म्हंजे सोच्छच की," लडकू दारातून म्हणाला. त्याला वाटलं, ही बाजू मांडायला हवी. "आनि उतार तर..."

"तुमी गप बसा!" दोघीही एकदम म्हणाल्या.

कोंडी उठली. पदर खोचला. "मी काय कुनाला सांगनार नाय. पन उद्या कशेळ्याचा बाजार हाय, आनि कोनी विचारलं तर मला खोटं बोलाया येत नाय. गोदूबाईची जुडी, गोदूबाईची जुडी करून नाचतात सगल्या. कळू दे एकदा कशावर पोसलेली हाय ती!"

मैनेनं श्वास रोखला. जावयानं ढेकर रोखला. लडकूला रोखण्यासारखं काही उरलं नव्हतं. गोदूबाईनं हातातला डाव शांतपणे खाली ठेवला, पदराला हात पुसले, उंबऱ्यापर्यंत गेली आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जा कोंडे, खुशाल सांग बाजारात, पन पुरतं सांग: जो मानूस उभ्या जल्मात कुनाच्या उपेगाला आला नाय, त्याच्या अंगाच्या मळावर बी जिनं अशी कोथिंबीर काढून दाखवली, ती एकटी गोदूबाई हाय!"