सुधाकरकाकांचा जादा विमा

आमचे शेजारी सुधाकरकाका पक्के शाकाहारी. तरीही श्रीवर्धनच्या मासळी बाजारातून जाताना थांबून विचारणार, "मावशी, सुरमई कशी दिली?" एकदा एका कोळणीने सुनावलं, "खायाची न्हाय तर इचारता कशाला?"

काका शांतपणे म्हणाले, "भाव माहीत असावा."

काका बँकेतून निवृत्त झाले आणि सुपारीच्या वाडीतल्या घरी कायमचे परतले. लग्न त्यांनी केलं नाही. थोरला भाऊ वारल्यापासून घरात दोघंच, काका आणि त्यांची वहिनी. वहिनींना आख्खी आळी माई म्हणते. बँकेचा आरोग्य विमा काकांना निवृत्तीनंतरही होता, पण तोकडा. म्हणून त्याच्या जोडीला एक जादा विमा घ्यायचं त्यांनी ठरवलं, आणि मग सुरमई परवडली म्हणायची वेळ आली.

विहिरीजवळ मोबाइलला रेंज मिळते. तिथे उभे राहून काका कंपन्यांना फोन लावत. आवाज आमच्या ओटीपर्यंत येई. "खोलीभाडं धरून का? मोतीबिंदू पहिल्या वर्षी चालेल? ते दुसरे तुमच्यापेक्षा कमी सांगतात हो! फायनल बोला." मग एकाएकी आवाज खाली जाई, फोन बंद होई. काका कुंपणाशी येऊन म्हणत, "महाग आहे."

आमची ही म्हणायची, "यांना विमा फुकट हवाय."

मलाही तसंच वाटत होतं. पण एक दिवस काकांचा फोन वाडीच्या पाटात पडला आणि ते माझा मागायला आले. त्यांना तो वापरता येईना, म्हणून मीच स्पीकर लावून दिला. दर खरोखरच चांगला निघाला. काका खुलले.

पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, फॅमिलीत कोण कोण?"

"मी आणि वहिनी."

"वाइफ?"

"वहिनी. भावाची बायको."

"सॉरी सर. बायको, मुलं, आईवडील चालतात. वहिनी फॅमिलीत येत नाहीत."

"बरं," काका म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. "महाग आहे."

मला राहवलं नाही. "काका, माईंचा वेगळा काढा ना."

"निघतो रे. पण एकाच घरात राहतो, तर एकाच कागदावर दोघांची नावं असावीत असं वाटत होतं." जायला वळत म्हणाले, "जाऊ दे. माझं बँकेवर भागेल."

पुढच्या आठवड्यात अलिबागहून रेश्मा नावाची एजंट आली. काकांनी स्वतःसाठी काहीच घेतलं नाही. विमा माईंच्या एकटीच्या नावाने. वय, त्यात साखर, त्यामुळे हप्ता चांगलाच चढा होता. काका निमूट हो म्हणाले.

रेश्मा अर्ज भरत होती. "माई, वारस म्हणून यांचं नाव लिहिते. हे तुमचे कोण?"

"दीर," काका घाईने म्हणाले.

माई सुपारी कातरायच्या थांबल्या. "मी या घरात आले तेव्हा याची आई नव्हती. याच्या मुंजीत मातृभोजनाला याच्या पानात मी जेवले. आता काय लिहायचं ते तूच ठरव, बाई."

काका उठले आणि पंप बघून येतो म्हणून वाडीत गेले.

वीज सकाळपासून गेलेली होती.