सात कुंड्या, नऊ दिवे

आमच्या परबकाकांकडे सूर्य सकाळी सहा पंचवीसला उगवतो. स्वतःहून नाही, काका त्याला उगवायला लावतात. बोर्डापाशी उभे राहून आधी एक मंद पिवळा दिवा, दहा मिनिटांनी मोठा पांढरा, मग बाजूची लाल पट्टी. मध्येच कुणी दारात आलं की हात वर. "थांब, लाइट येता."

लालबागच्या आमच्या चाळीसमोर टॉवर उभा राहिला आणि पहिल्या मजल्याचं ऊन गेलं. बाकीच्यांनी दिवसा ट्यूब लावली, चार शिव्या घातल्या, विषय संपला. काकांनी झाडं वाढवायचे एलईडी आणले. कुंड्या सात. दिवे नऊ.

काकांनी चाळीस वर्षं नाटकांना लाइट दिला. त्यामुळे त्यांच्याकडे झाड नसतंच, नट असतो. मनी प्लँट म्हणजे गर्दीतला माणूस, कुठेही उभा करा. कढीपत्ता मुलीचा बाप. मोगरा हिरॉइन. "तिका बाजून लाइट लागता. नायतर रुसता." हे सांगताना माणूस बसत नाही. दिवा वीतभर खाली घे, परत वर, कुंडी फिरव, मोबाइल पानाजवळ धरून उजेड मोज, मान हलव, परत खाली. काकांना बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं.

मी कराडचा. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहतो, कामाला दुपारनंतर जातो, आणि शाळेत हेडसरांपासून सुरू केलेल्या नकला अजून करतो. गॅलरीत परबकाकांचा आयटम हमखास चालतो. मालही त्यांनी भरपूर पुरवलाय.

सुरुवातीला त्यांनी लाल-निळे दिवे आणले. खिडकी जांभळीजर्द. मंडळाची पोरं डेकोरेशनला मागायला आली. वरच्या मावशींनी खाली वाकून विचारलं, बार काढलात काय. त्यात पान हिरवं आहे की पिवळं पडलंय तेच दिसेना. मग काकांनी साधा पांढरा दिवा आणला आणि जुन्या सवयीनं त्याला लाल जिलेटिन पेपर गुंडाळला, स्टेजवर करायचे तसा. महिनाभरात मोगरा खिडकीकडे मान काढून काडीसारखा लांब झाला.

"जिलेटिन उजेड खाता रे," काका म्हणाले. "रंग दिसता, पण झाडाचा पोट भरणा नाय."

आता जोडी ठरलीय. वरून हातभर अंतरावर पांढरा, कळ्यांसाठी बाजूनं थोडा लाल. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातला दुकानदार वॅट सांगायला लागला की काका त्याला तोडतात. दिवा वीज किती खातो ते नको सांगू, पानावर उजेड किती पोचवतो ते सांग. दुकानदार गिऱ्हाईक सोडून चहाला जातो.

आणि या लाइटवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं. का, तर झाडांचे लाइट कोण बघणार. हे वाक्य मी गॅलरीत हात नाचवत म्हटलं की पब्लिक हसून पडायची.

एकच गोष्ट कळत नव्हती. नऊपैकी तीन दिवे एकाही झाडावर नव्हते. भिंतीवर मारलेले, आणि तिथून उजेड काकूंच्या कॉटवर यायचा. काकू हल्ली तिथेच असतात, फार बोलत नाहीत. मी विचारलं तर काका म्हणाले, बाउन्स. आणि कुंडी फिरवायला गेले.

काल दुपारी ते बिघडलेला दिवा दुकानात बदलायला गेले होते. मी जेवत होतो. शेजारी कडी वाजली म्हणून बाहेर आलो, तर दारात काकू. साडीवर स्वेटर, हातात पिशवी. मागे खोलीत काळोख, मेन स्विच पडलेला. वाजले होते दीड.

"रात झाली," त्या म्हणाल्या. "नाटक सुटला असतला. मी स्टॉपवर जातंय, ह्यांका आणूक."

दुपार आहे म्हटलं, तर तू कोण म्हणाल्या. रोज बघतात मला. मला सारून जिन्याकडे निघाल्या. आमच्या जिन्याची मधली पायरी गेलेली आहे. हात धरायला गेलो तर हिसडा देऊन पुढे गेल्या.

मग मला जे येतं तेच केलं. त्यांच्या पाठीमागून, काकांच्या आवाजात.

"थांब, लाइट येता."

काकू थांबल्या. मी आत धावलो, स्विच वर केला. सगळे दिवे एकदम. काकू वळून भिंतीकडे बघत राहिल्या. "अजून दिवस आसा," म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर जाऊन बसल्या.

वळलो तर काका जिन्याच्या तोंडाशी. सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता नकलेबद्दल कानाखाली. पण काका उंबऱ्यावर बसले. चक्क बसले. ऊन गेल्यापासून तिला दिवस कळेना, म्हणाले. काळोख झाला की मी प्रयोगाला गेलोय असं तिला वाटतं, आणायला निघते.

हातातला दिव्याचा खोका फिरवला. मग गुरुवारी डोळ्याचं करून घेऊ काय, असं मलाच विचारलं. मी म्हणालो जा, सहा पंचवीसला मी उठतो.

"आवाज बरोबर काढतस," काका म्हणाले. "पण तिच्याशी मी एवढ्या मोठ्यान बोलणय नाय."

आणि तेच शब्द हळू आवाजात करून दाखवले.

गुरुवार परवावर आलाय. कालपासून खोलीत येरझाऱ्या घालत तालीम करतोय. शब्द तेच आहेत. तो आवाज काही निघत नाही.