लांबलेलं मौन

शिंपीकाकांनी आज बोलायचंच असं ठरवलं होतं. बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि 'ती कुठंतरी आहे असं मला वाटतं' हे एक वाक्य त्यांना चार माणसांत म्हणायचं होतं. घरात भिंतींना सांगून ते कंटाळले होते.

अडचण त्या चार माणसांचीच होती. त्यांचं युनिटेरियन पंथाचं मंडळ अगदी एवढंसं. दर रविवारी भाड्याच्या खोलीत जमायचं, मेणबत्ती लावायची, प्रार्थना, थोडं मौन आणि मग चर्चा. काय मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, कुणी कुणावर लादू नये. विचार उत्तम, पण त्यापायी तिथं कुठलंही वाक्य 'पण' लागल्याशिवाय सुटत नसे. मागच्या रविवारी काका "ती कुठंतरी..." एवढंच म्हणाले, तर मंडळातले वकील म्हणाले, "पण कुठंतरी म्हणजे नेमकं कुठं?" चर्चा चहा गार होईपर्यंत चालली. काका घरी जाऊन न जेवताच झोपले.

आज अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त मास्तरांनी, मेणबत्ती लावली. "जरा वेळ मौन पाळू. घंटा वाजली की ज्याला मन मोकळं करायचंय त्यानं करावं." घंटा मांडीवर धरून त्यांनी डोळे मिटले. नातवाच्या तापापायी त्यांचं रात्रभर जागरण झालं होतं. त्यांना तिथंच झोप लागली.

घंटा काही वाजेना. वकिलांनी एक डोळा उघडला, मास्तर ध्यानात गेलेले दिसले, म्हणून परत मिटला. नर्सबाईंना तो श्वास झोपेचा आहे हे बरोबर कळलं, पण दुसऱ्याच्या मौनात ढवळाढवळ कशी करायची? आतल्या खोलीत चहा उतू गेला, मग करपला. सगळ्यांना वास आला आणि सगळे तत्त्वाला धरून बसून राहिले. शेवटच्या खुर्चीवर काका मनातल्या मनात वाक्य घोकत होते.

दार उघडलं. पुढचा तास नाचाच्या वर्गाचा होता. नाच शिकवणाऱ्या बाईंनी मेणबत्ती पाहिली, खाली घातलेल्या माना पाहिल्या, मुलींना जिन्यातच थांबवलं आणि पाय न वाजवता काकांशेजारी येऊन बसल्या.

"कोण गेलं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझी बायको."

"अरेरे."

काकांनी सवयीनं 'पण'ची वाट पाहिली. तो आला नाही.

"ती कुठंतरी आहे असं मला वाटतं," ते कुजबुजले.

"असणारच की. कशा होत्या?"

"दुकानात बसायची. माप मी घ्यायचो, खरं काय ते ती बोलायची. गिऱ्हाइकाला म्हणायची, पोट आत घेऊ नका, शर्ट घरी जाऊन उसवेल."

बाईंना हसू आलं. काकाही हसले आणि हसता हसता हुंदके देऊन रडायला लागले. त्या आवाजानं मास्तर दचकून जागे झाले आणि घंटा जमिनीवर पडून वाजली.

"आजचं मौन फार खोल गेलं," मास्तर डोळे चोळत म्हणाले. "काका, तुमचं बोलणं मात्र राहिलं. पुढच्या रविवारी आधी तुम्ही."

पुढच्या रविवारी काकांसाठी वेळ राखून ठेवली, पण ते आलेच नाहीत. दुःखात माणसाला एकटं राहू द्यावं की न द्यावं, यावर चर्चा झाली. एकमत झालं नाही. खिन्न मनानं मंडळी बाहेर पडली, तर काका जिना चढत होते. हातात नाचाच्या मुलींच्या झग्यांची पिशवी होती.

"काका, आपला तास संपला," मास्तर म्हणाले.

"ठाऊक आहे," काका म्हणाले आणि त्यांना उतरायला वाट देऊन भिंतीला लागून उभे राहिले.