कप्तान डेरिकाचे चारशे बारावे मरण

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष वद्यपक्ष, नाताळास बारा दिवस राहिले असता, शनिवारी सकाळी अकरा वाजता वसई प्रांती जे घडले ते पाहणारांनी मोबाइलांत भरोन घेतले. परंतु मोबाइल बदलतात आणि आतील चित्रे जातात, म्हणोन आम्ही हे कागदावर उतरोन ठेवितो. ज्यांस घाई असेल त्यांनी आत्ताच उठावे.

किल्ल्याच्या वाटेवर एक खाजगी संग्रहालय आहे, आणि तेथील कारभारीण सुहासिनीबाई बहुत करारी. त्यांनी दोन सरदार चाकरीस ठेविले होते. मराठ्यांकडील राजश्री प्रल्हादपंत, हल्ली मुक्काम तुळिंज, तिसरा मजला, लिफ्ट बंद. फिरंग्यांकडील कप्तान डेरिक, सांडोरच्या केळीबागायतदाराचे चिरंजीव, अंगी फायबरचे चिलखत, टोपीस कोंबड्याचे पीस आणि ओठावर गोंदाने डकविलेली मिशी. रोज अकरा वाजता अंगणात रणकंदन होई, मग प्रल्हादपंतांची तलवार डेरिकाच्या काखेतून पार जाई, मग डेरिक मोठा आक्रोश करोन धारातीर्थी पडे, आणि शाळेची पोरे टाळ्या पिटीत. ऐसे चारशे अकरा वेळा जाहले. याखेरीज टीव्हीच्या मालिकांत नऊ वेळा मरणे जाहले, त्यांत एकदा विहिरीत.

परंतु हे वर्तमान सांडोरास ठाऊक नव्हते. मातोश्री रेजिनाबाईंस डेरिकाने इतकेच सांगितले होते, की मी म्युझियमात कप्तान आहे. मरावे लागते हे सांगावयाचे राहोन गेले. मालिका लागत त्या वेळी घरी रोजरीची प्रार्थना चाले, म्हणोन तेथेही निभावले. रेजिनाबाईंनी मात्र चर्चच्या अंगणी, बाजारी, बारशास आणि मयतास, हरएक ठिकाणी पोरगा कप्तान असल्याचे जाहीर केले होते.

त्या शनिवारी रेजिनाबाई चर्चच्या अकरा बायांस संगे घेवोन, रिक्षांच्या तीन तुकड्या करोन, कप्तान पाहावयास चालोन आल्या आणि पुढील खुर्च्या काबीज करोन बसल्या. डेरिकाने तटाच्या आडून हे सैन्य पाहिले, आणि त्याची अर्धी मिशी घामाने सुटली. मग त्याने प्रल्हादपंतांस एकांती गाठोन विनविले, की आज मजला मारू नये, आईदेखत मरणे ठीक नव्हे. पंतांचे हृदय द्रवले. परंतु सुहासिनीबाईंचा सक्त हुकूम होता, की एकदा वेश चढविला म्हणजे वेशातील भाषा सोडू नये, खरे नाव घेवू नये, आणि ठरला खेळ बदलू नये. जो चुकेल त्याची चाकरी बंद. पंतांचे फ्लॅटावर कर्ज, आणि डेरिकास दुसरी विद्या नाही. सबब मरण कायम जाहले.

अकरा वाजले. ताशा वाजला, तलवारी खणखणाव्या त्या फायबरच्या असल्याने टपटपल्या, आणि कप्तान पडला. आक्रोश मात्र त्याने त्या दिवशी केला नाही. निमूटपणे, तोंड पलीकडे फिरवोन मेला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

तोच रेजिनाबाई छत्री उपसोन उठल्या, दोरखंड ओलांडोन रणात घुसल्या, आणि प्रल्हादपंतांच्या ढालीवर छत्रीचा ऐसा प्रहार केला की ढालीचे दोन तुकडे जाहले. मग गरजल्या, "कोणी मारला रं माझ्या पोराला?"

पंत पेचात पडले. हा खेळ आहे ऐसे म्हणावे तर वेशभाषा भंगते, न म्हणावे तर छत्री पुन्हा उठते. मग त्यांनी मुजरा करोन पुसले, की आपण कोण, कोणाच्या वकील?

"वकील नाय, आई!"

पंतांस त्या क्षणी सुचले. त्यांनी ललकारी दिली, की कप्तानाच्या मातोश्री तहाचे बोलणे घेवोन आल्या आहेत, लढाई मना करावी. आणि बाईंस अदबीने अटी विचारल्या. बाईंनी अटी घातल्या त्या येणेप्रमाणे: पोरगा उठावा, त्यास टोपीसुद्धा, वाजतगाजत बाहेर काढावे, आणि दुपारी घरी डुकराच्या मांसाचे इंद्याल शिजले आहे, तरी मारणारानेही जेवावयास यावे, फार वाळला आहे. पंतांनी अटी कबूल केल्या, तिसरी विशेष संतोषाने.

सुहासिनीबाई कोपाने धावल्या, की कप्तान मरतो ऐसेच ठरले आहे. तेव्हा चौथीच्या एका मुलीने दरवाजावरील फलक मोठ्याने वाचोन दाखविला. त्यावर सुहासिनीबाईंनीच लिहविले होते, की वसईचा किल्ला अखेर तहाने हाती आला आणि फिरंगी शिबंदी सन्मानाने बाहेर पडली. खेळात मरण मागाहून घातले होते, कारण मेल्यावाचून टाळ्या पडत नाहीत. सुहासिनीबाईंनी चष्मा पुसोन फलक पुन्हा वाचला, आणि ताशेवाल्यास खूण केली.

डेरिक उठला. ताशा कडाडला, आणि कप्तान अर्ध्या मिशीनिशी, आईचा हात धरोन दरवाजाकडे निघाला. वाटेत त्याने वेशभाषा सोडोन हळूच म्हटले, "आई, मी रोज हरतो गं. खरा कप्तान नाय मी."

"हरायचं तर हर," रेजिनाबाई बोलल्या. "मरायचं नाय." आणि अकरा बायांकडे वळोन म्हणाल्या, "बघा. आहे की नाय कप्तान?"

बायांनी टाळ्या दिल्या, पोरांनी त्याहून मोठ्या दिल्या. त्या दिवसापासोन संग्रहालयात कप्तान मरत नाही, ताशा लावोन बाहेर पडतो; आणि दरवाजाशी जी छत्री टांगली आहे ती त्याच युद्धातील.

कलम पूर्ण. किल्ला कोणी जिंकला हे फलकावर आहेच. डेरिक कोणी जिंकला हे कोठे लिहिले नव्हते, ते येथे लिहिले असे.