सरकत्या जिन्याचं पूर्वज्ञान

माणसाला आधी जे ठाऊक असतं, तेवढंच त्याला वाचलेलं कळतं, हे सत्य शाळा चालवणाऱ्या आमच्या खात्याला गेल्या जूनमध्ये कळलं. (त्याआधी ठाऊक नव्हतं, म्हणून वाचूनही कळत नव्हतं.) कळल्याबरोबर खात्याने 'पूर्वज्ञान पुरवठा सप्ताह' जाहीर केला. अशी तत्परता पाहिली की माझा ऊर भरून येतो. मी इथल्या केंद्राचा कारकून. तक्ते मीच भरतो, त्यामुळे ऊरही वारंवार भरतो.

प्रकरण सुरू झालं तलवाड्याकडच्या एका वस्तीवरच्या शाळेतून. चौथीतल्या धनश्रीने चाचणीचा उतारा कुठेही न अडखळता वाचला. 'विहान सरकत्या जिन्यावर उभा होता. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. आई ओरडली.' प्रश्न होता, आई का ओरडली? धनश्रीने लिहिलं, 'जिना सरकला म्हणजे भिंत पडणार, म्हणून.' गुण शून्य. शेरा: वाचन येत नाही. असा शेरा दोनदा बसला की मूल 'अप्रगत' ठरतं आणि पहिलीच्या पोरांत पोतं टाकून बसतं.

धनश्रीचा बाप म्हाळू शेळ्या राखतो. तो वर्गशिक्षिका उज्माबाईंकडे आला.

"बाई, चार वर्सांत वाचता येत न्हाई, तर पोरीला शाळंत कावून ठिवू? शेळ्यांमागं तरी जाईल."

"अहो म्हाळूभाऊ, लई झकास वाचती ती! तिनं सरकता जिना बघितला नाही, एवढंच."

"मग दावा की."

खात्याच्या पत्रातही हेच होतं, फक्त सात पानांत. जिना दाखवावा, खर्च शून्य, छायाचित्रं तीन. तालुक्यात सरकता जिना नाही. (सरकलेले आहेत, त्यातला एक आमच्याच कार्यालयात, तो ग्राह्य धरत नाहीत.) उज्माबाईंनी आपल्या भावाला, कलीम मेकॅनिकला, ट्रॅक्टरची डंपिंगची ट्रॉली घेऊन बोलावलं. ट्रॉलीत शिडी बांधली आणि शिडीवर मुख्याध्यापक मुंजाजी सरांना उभं केलं, बुटाची नाडी सोडून, उताऱ्याबरहुकूम. कलीमने खटका ओढून ट्रॉली उचलली. सर वर गेले आणि खाली आले, दोन्ही अपेक्षेपेक्षा वेगाने. सगळी पोरं एका सुरात किंचाळली.

मी तक्ता भरला: पूर्वज्ञान मिळालेली मुलं ३८, शेळ्या ४ (हजर होत्या), मुख्याध्यापक १ (घोटा सुजला). धनश्री तर नाचतच होती. "आता कळलं, ती आई कावून वरडली!"

एवढं देखणं यश मी लगेच वर कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: उताऱ्यातली बाब मुलांना आधीच ठाऊक असल्याने तो फुटलेला समजून रद्द करण्यात येत आहे. नवा उतारा बर्फावरच्या घसरगाडीचा होता. चाचणी घ्यायला खुद्द खात्याचे साहेब आले. धनश्रीने घसरगाडीला बैल जुंपले. गुण शून्य.

तेव्हा मात्र उज्माबाई भडकल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'पावसानं ओढ दिली होती. ज्वारी अजून गुडघ्याला लागली नव्हती. शेळ्या ज्वारीत शिरल्या. चपला टाकून म्हाळू पळत सुटला.'

"साहेब, म्हाळू का पळाला?"

साहेब हसले. "पीक वाचवायला. सोपं आहे."

अख्खा वर्ग खो-खो हसला. धनश्री उठून म्हणाली, "पीक न्हाई ओ साहेब, शेळ्या! पाण्यावाचून सुकलेली कवळी ज्वारी खाल्ली तर शेळ्या तितंच मरत्यात."

साहेबांनी उतारा अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला आणि धनश्रीचा शेरा कायम केला. ती आता बापाबरोबर शेळ्यांमागे जाते. खरं सांगतो, मला लई वाईट वाटलं. पण तक्त्यात त्याला रकाना नाही.

नियम तेवढा सगळ्यांना सारखा. (साहेबांना सूट आहे.) फळ्यावरचा उतारा तुम्हीही न अडखळता वाचलात आणि साहेबांच्या आधीच मनात म्हणालात, पीक वाचवायला. तुमचा शेरा मी भरून ठेवला आहे. पहिलीच्या वर्गात धनश्रीची जागा रिकामी आहे. सोमवारी सकाळी या. पोतं घरून आणावं लागेल.