चारशे अकरा शुभेच्छुक

“माज्या दारातना कुनी उपाशी जायाचा नाय!”

दर्शनाच्या कानांनी या जगात सगळ्यात आधी ऐकलेला आवाज बहुधा हाच. आईचा, रखमाबाईंचा. गावात कुणाचंही लग्न असो, धवले गायला त्यांनाच बोलावणं. मांडवात त्यांनी सूर लावला की नदीपल्याडची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. एरवी तोच सूर पोस्टमनला, वायरमनला, रद्दीवाल्याला दारात अडवून पानावर बसवी.

शनिवारी दुपारी शहाडच्या नाक्यावर दर्शना रिक्षातून उतरली आणि जागीच खिळली. डोक्यावर वीस फुटी फ्लेक्स झुलत होता आणि त्यावर ती स्वतः होती, हात जोडलेली. ‘आमची लाडकी शास्त्रज्ञ कन्या डॉ. दर्शना काळुराम भोईर. जगाने ४११ वेळा नाव घेतले!’ खाली ‘शुभेच्छुक’. त्याखाली तिळाएवढ्या अक्षरांत चारशे अकरा नावं. पहिलं नाव डॉ. हिरोशी तनाबे, जपान.

“बाबा, काय केलंस हे?” ओटीवर पाय ठेवताच ती ओरडली.

“का? चुकला काय?” काळुराम झोपाळ्यावरून हलले नाहीत. “तूच फोनवर बोललीस ना, साइटेशन म्हंजे दुसरे शास्त्रज्ञ त्यांच्या लेखात आपला नाव घेतात. इतक्या लांबच्या मानसांनी नाव घेतला, तं आपन त्यांचा लावाया नको? सुमितनी सगली शोधून काढली.”

“दोन दिवस लागले, आत्या,” फार्मसीत शिकणारा भाचा कौतुकाची वाट बघत म्हणाला. “स्पेलिंग सगळं परफेक्ट हाय.”

दर्शना ओटीच्या कडेला बसली. दहा वर्षांपूर्वी याच अंगणात तिने गावातल्या एकशे वीस माणसांचं रक्त घेतलं होतं, सकाळी, उपाशीपोटी. निष्कर्ष अचाट निघाला. बारा तासांच्या उपासानंतरही या गावाची साखर चढलेली, आणि मधुमेह मात्र कुणालाच नाही! तो लेख गाजला. सोमवारी तिची बढतीची मुलाखत होती आणि अर्जात त्या लेखाचाच आकडा झळकत होता.

एवढ्यात भिवाकाका तणतणत आले. “कालू! सख्ख्या काकाचा फोटू नाय, आन हा स्वीडनवाला कोन रं? हलदीला आलेला का तो?”

“दादा, मोठा मानूस हाय तो. आपल्या पोरीवर लिवलंय त्यानी.”

“काय लिवलंय? वाच रं सुम्या.”

“नको, सुमित,” दर्शना घाईने म्हणाली. पण सुमितचा मोबाइल उघडलेला होता.

“‘डॉ. भोईर यांना जे आढळलं...’” तो अडखळला. “‘ते आम्हाला कुठेही आढळलं नाही.’”

झोपाळा थांबला.

“जपानवाला वाच.”

“‘भोईर यांचा निष्कर्ष समजण्यापलीकडचा आहे.’” सुमितचा अंगठा भराभर खाली सरकू लागला. “आत्या... हे तर सगळेच असं बोलतायत. चारशे सहा जण!”

“आन बाकीचे पाच?” काळुरामांनी आशेने विचारलं.

“ते पाच लेख आत्याचेच हायत.”

“म्हंजे पोरीला वाकडा बोलनाऱ्यांना मी नाक्यावर शुभेच्छुक म्हनून लावला?” काळुराम झोपाळ्यावरून ताडकन उठले.

“आकडा खरा आहे, बाबा. कोण काय बोललं ते आकड्यात दिसत नाही.” दर्शनाचा आवाज बारीक झाला. “पण सोमवारी कमिटी विचारणारच. जगात कुणाला दिसलं नाही ते तुम्हालाच कसं दिसलं? दहा वर्षं उत्तर शोधतेय मी. मशीन बदललं, नळ्या तपासल्या, गणितं पुन्हा केली. चूक सापडत नाही. बढती राहू दे, मी खोटे आकडे घातले असं धरतील.”

“खोटा? आपली पोर?” भिवाकाका उसळले. “उद्या सकाली गावाचा रगत परत काढ! आतापासना पानी सोडून कुनी काय खायाचा नाय. सुम्या, टाक ग्रुपवर. सगले आपल्या अंगनात!”

दर्शनाचा चेहरा उजळला. “चालेल काका! अगदी तेव्हासारखंच.”

आत टोप पडल्याचा आवाज झाला. रखमाबाई दारात आल्या. उभ्या जन्मात सूर न चुकलेली ती बाई धवल्याची ओळच विसरल्यासारखी उभी होती.

“तवासारखाच?”

“हो आई. सगळे पुढच्या अंगणात, रांगेत, उपाशी.”

“पुढल्या अंगनात रांगेतच व्हते.” रखमाबाईंनी पदराचं टोक पिळलं. “पन बाय, ते आलेले मागल्या दारानी.”

दर्शना उठून उभी राहिली.

“पेला पेला चा दिला मी. दोन-दोन चमचे साखर घालून. आन तांदलाची भाकर. एकशे वीस जनांना. पोरीनी विचारला तं उपाशी हाव म्हना, असा पन मीच पढवला.” त्यांनी डोळे पुसले. “रगत द्याला आलेली मानसां. रिकाम्या पोटी कशी पाठवू? त्या दिशी उपाशी अशी तूच एकली व्हतीस, बाय.”