मागितलं की द्यायचं

आमच्या बेटावर आरोग्य-संशोधनाची क्षमता नाही, हे आम्हाला राजधानी तारावाहून आलेल्या बोटीने कळवलं. तोवर आम्ही समजत होतो, फक्त औषधं नाहीत.

बोटीतून डॉक्टर हॅलिडे उतरले. मानेआबात, म्हणजे गावाच्या मोठ्या छपराखाली, आम्ही त्यांना हार घातले, मासे आणि गोड भात वाढला. "इथे साखरेचा आजार फार," डॉक्टर म्हणाले आणि आणखी भात घेतला.

मग त्यांनी मागायला सुरुवात केली. आमच्याकडे तोंडावर मागितलेलं नाकारत नाहीत. अशा मागण्याला बुबुसी म्हणतात. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांनाही पुरते. डॉक्टरांनी नर्सबाई प्रशिक्षणाला मागितली. दिली. दवाखाना संशोधन केंद्रासाठी मागितला. तोही दिला.

माझी मेहुणी कारावा पाय पसरून बसली होती. तळव्याची जखम नर्सबाईच धुवायची.

"दाजी, उद्या पट्टी कोण बदलणार?"

"क्षमता," मी म्हटलं.

डॉक्टर प्रत्येकाला सांगत, "तुम्हाला नकार द्यायची मुभा आहे." आणि लगेच विचारत, "अभ्यासात भाग घ्याल ना?" आता विचारल्यावर नकार कसा देणार? सगळं बेट हो म्हणालं. इतकी संमती जगात कुठे मिळाली नव्हती म्हणे.

माझ्या बायकोचं नाव जुन्या पाहणीत होतं. डॉक्टर म्हणाले, "तेकेआ पाठपुराव्यात हरवल्या."

"हरवली नाही हो. घरामागेच आहे, पांढऱ्या दगडांखाली. मी रोज बोलतो तिच्याशी."

"उत्तर देतात?"

"नाही."

"मग हरवल्याच."

पुढे सगळ्यांनाच प्रशिक्षण मिळालं. कोळी संशोधक, पाद्री संशोधक, मी क्षेत्रीय अन्वेषक. सगळे प्रश्न विचारणारे. उत्तर द्यायला कोणी उरेना. प्रशिक्षणाला चालत जाता न आलेली एकटी कारावा तेवढी उरली. सगळं बेट तिच्या पायाशी रांगेत उभं राहिलं. जखम मोजली, फोटो काढले.

"अरे मेल्यांनो, कोणी धुवा तरी!"

"हात लावू नका," पाद्री ओरडले. "निष्कर्ष बिघडतील!"

शेवटी मी मानेआबात उभा राहिलो आणि तोंडावर मागितलं, "डॉक्टर, आमची नर्सबाई परत द्या."

डॉक्टर आमचे रिवाज शिकले होते. त्यांनी दिली. पुढच्या बोटीने नर्सबाई बूट घालून आली.

"आलीस गं बाई!" कारावाने पाय पुढे केला.

नर्सबाई वाकली. हात पुढे झाला, थांबला. "मी आता प्रमुख संशोधक आहे, कारावाताई. धुतलं तर अभ्यासात हस्तक्षेप होईल."

जखम आता घोट्यापर्यंत आली आहे. तेकेआची इथूनच वर चढली होती.

"दाजी, आता मागायचं कोणाकडे?" कारावा विचारते.

उरलात तुम्ही. इतका वेळ बसून वाचलंत, मध्येमध्ये हसलात, आमच्याबद्दल माहिती गोळा केलीत. म्हणजे तुमचीही क्षमता वाढली. तेव्हा तोंडावरच मागतो: पट्टी बदलायला येता का?

नकार द्यायची मुभा आहे.